रक्तदाबासाठी लसूण, अर्जुनसाल, सर्पगंधा आणि मॅग्नेशियम : गोळी थांबवून पाहावी का?

इंदूरच्या लोकमान्य नगरात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ६१, उंची पाच फूट पाच इंच, वजन ७८ किलो. जानेवारीत दोन वेगवेगळ्या दिवशी रक्तदाब १५८/९६ आणि १५४/९४ भरला, म्हणून डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ४० मिलिग्रामची रोज एक गोळी सुरू केली. ‘ही गोळी एकदा लागली की जन्माची लागते’ असे घरात सर्वांचे मत पडल्यामुळे तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी ती आपल्या मनाने बंद केली. तेव्हापासून सकाळी अनशापोटी लसणाची एक पाकळी, पेलाभर दुधीचा रस आणि अर्जुनसालीचा काढा चालू आहे. मुलाने पुण्याहून मॅग्नेशियम आणि ओमेगा-३ च्या कॅप्सूल पाठवल्या आहेत आणि एका परिचिताने सर्पगंधा असलेल्या गोळ्या आणून दिल्या आहेत. सध्या आकडे १३८ ते १४४ च्या दरम्यान येतात, तेव्हा आणखी तीन महिने गोळीशिवाय काढावेत का आणि या सर्वांपैकी काय चालू ठेवावे, असे ते विचारतात.

आधी तातडीचे सांगतो. टेल्मिसार्टन आपल्या डॉक्टरांशी बोलून लगेच पुन्हा सुरू करावी, सर्पगंधेच्या गोळ्या त्यांना दाखवून बंद कराव्यात आणि दुधीचा रस आजपासून घेऊ नये. बाकीच्या गोष्टींबद्दल इतकी घाई नाही, त्यांचा विचार सवडीने करता येईल.

आकडे बरे येत आहेत ही आपली नोंद मी खोटी मानत नाही. मात्र त्याचे श्रेय कोणाला द्यायचे हे पाहावे लागेल. टेल्मिसार्टनचा पूर्ण परिणाम दिसायला जवळजवळ चार आठवडे लागतात आणि ती थांबवल्यावर रक्तदाब एकदम उसळी न घेता काही दिवसांत हळूहळू मूळ पातळीकडे सरकतो. त्यामुळे गोळी सोडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातले चांगले आकडे पुष्कळदा त्या सोडलेल्या गोळीचेच असतात आणि रुग्ण मात्र लसणाला धन्यवाद देत असतो. दुसरे कारण ऋतूचे आहे. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, उन्हाळ्यात त्या सैलावतात आणि घामावाटे पाणी व मीठही जाते. एकाच माणसाच्या वरच्या आकड्यात हिवाळा आणि उन्हाळा यांत सहज पाचएक मिलिमीटरचा फरक पडतो. आपला रक्तदाब जानेवारीच्या गारठ्यात मोजला गेला आणि घरगुती उपायांची परीक्षा माळव्याच्या एप्रिलात चालली आहे. होळीच्या सुमारास सुरू केलेला कोणताही उपाय मे महिन्यात गुणकारी वाटतो, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. तिसरे कारण असे की, या यादीतली एक वस्तू खरोखरच रक्तदाब उतरवते, आणि ती म्हणजे सर्पगंधा.

सर्पगंधेबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण ‘झाडपाल्यात काही दम नाही’ म्हणणारे आणि ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ म्हणणारे, दोघांचेही म्हणणे या एका मुळीपुढे टिकत नाही. कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये या मुळीचा उच्च रक्तदाबावरील उपयोग नोंदवला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये पन्नास रुग्णांवरचा आपला अनुभव इंग्लंडच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि पुढची कित्येक वर्षे ते रक्तदाबाच्या प्रमुख औषधांपैकी एक होते. ते मागे पडण्याचे कारण त्याचे दुष्परिणाम होत. मन खिन्न राहणे, काही रुग्णांत गंभीर नैराश्य येणे, नाक चोंदणे, नाडी मंदावणे, जठरातील आम्ल वाढून व्रण होणे, हे सारे त्या काळातल्या डॉक्टरांनी पाहिले होते आणि मात्रा वाढली की हे त्रास वाढत. आज आपल्याला मिळणाऱ्या गोळीत त्या मुळीचे चूर्ण असेल तर त्यात रिसर्पिन नेमके किती, हे पाकिटावर बहुधा लिहिलेले नसते. जमीन, हंगाम आणि मुळीचे वय यांप्रमाणे ते बदलते. म्हणजे आपण एक मोजलेले औषध सोडून त्याच्या जागी एक न मोजलेले औषध घेत आहात. एखाद्या अनुभवी वैद्याने नाडी, मन:स्थिती आणि इतर औषधे यांचा विचार करून सर्पगंधा दिली, तर ती वेगळी गोष्ट झाली. परिचिताने बाटली आणून देणे हा उपचार नव्हे. आपल्याला पूर्वी कधी नैराश्याचा त्रास झाला असेल, कंपवात असेल किंवा नाडी मंद करणारे मेटोप्रोलॉलसारखे औषध चालू असेल, तर हे आपल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

दुधीचे प्रकरण वेगळे आहे. चांगल्या दुधीत काही दोष नाही, तिची भाजी रोज खावी. परंतु कच्च्या रसात धोका असा आहे की, काही फळे कडू निघतात आणि त्या कडूपणामागे कुकुर्बिटासिन नावाची विषारी द्रव्ये असतात. कडू रस ‘औषध आहे, कडूच असणार’ असे म्हणून पिणाऱ्यांना उलट्या, रक्ताची उलटी आणि रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत खाली जाणे असे प्रकार आपल्या देशात घडले आहेत, मृत्यूही झाले आहेत, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीने या प्रश्नाचा अभ्यास केला आहे. रक्तदाबावर दुधीच्या रसाचा उपयोग होतो असे म्हणण्याइतका पुरावा नाही. मग हा धोका पत्करायचा कशासाठी? तरीही कोणाला रस घ्यायचाच असेल, तर फोड चाखून पाहावी, जराही कडू लागली तर सगळे फळ टाकून द्यावे आणि दुधीत दुसऱ्या भाज्यांचा रस मिसळू नये, कारण कडूपणा त्यात लपतो.

आता उरलेल्या गोष्टींकडे वळतो. यांच्याकडे पाहण्याची माझी रीत सोपी आहे. ‘चांगले की वाईट’ असे न विचारता मी विचारतो की, यामुळे वरचा आकडा किती मिलिमीटरने उतरतो, तेवढा उतरायला किती महिने लागतात आणि त्याची किंमत काय. ही मोजणी का करायची, तेही सांगतो. जगभरातील सुमारे दहा लाख माणसांच्या माहितीवर आधारलेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे आढळले की, चाळीस ते एकोणसत्तर या वयात वरचा रक्तदाब २० मिलिमीटरने जास्त असेल तर हृदयविकाराने आणि पक्षाघाताने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. उलट, औषधांच्या अनेक प्रयोगांची २०१६ मध्ये केलेली गोळाबेरीज सांगते की, वरचा आकडा १० मिलिमीटरने उतरवला तर पक्षाघाताचे प्रमाण सुमारे २७ टक्क्यांनी घटते. आपल्याला १५६ वरून १३० च्या खाली यायचे आहे, म्हणजे पंचवीसएक मिलिमीटर उतरायचे आहे. प्रत्येक उपाय या पंचविसांपुढे ठेवून पाहावा.

लसूण घेऊ. उच्च रक्तदाब असलेल्या लोकांवर झालेल्या प्रयोगांत लसणाने वरचा आकडा पाच ते आठ मिलिमीटरने उतरल्याचे दिसते आणि हे थोडेथोडके नाही. मात्र हे प्रयोग लहान आहेत आणि त्यांतील पुष्कळसे मुरवलेल्या लसणाच्या अर्काच्या कॅप्सूलवर, दोन-तीन महिने नियमाने देऊन केलेले आहेत. पाण्याबरोबर अख्खी गिळलेली पाकळी त्या तोलाची नाही. लसणातले कार्यकारी द्रव्य पाकळी ठेचल्यावर तयार होते. ठेचून दहा मिनिटे ठेवली आणि मग जेवणात घेतली तर निदान ते तयार तरी होते. पोटाला झोंबत नसेल तर आपण लसूण चालू ठेवावा. अट एकच: अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारे दुसरे कोणतेही औषध सुरू झाले, किंवा दात काढण्यापासून मोतीबिंदूपर्यंत कसलीही शस्त्रक्रिया ठरली, तर लसूण घेत असल्याची गोष्ट डॉक्टरांना आधी सांगावी, कारण लसणामुळे रक्त गोठायला वेळ लागू शकतो.

अर्जुनसालीवर माळव्यातल्या लोकांची श्रद्धा फार. झाड इथल्या नदी-नाल्यांच्या काठी सर्वत्र आहे, सियागंज बाजारात साल सहज मिळते आणि आयुर्वेदात ती हृद्य, म्हणजे हृदयाला हितकर, मानली आहे. दुधात सिद्ध केलेला काढा मी कोणाला बंद करायला लावत नाही. पण त्याने रक्तदाब उतरतो असे सांगणारा भक्कम प्रयोग माझ्या वाचनात नाही. दिल्लीच्या एम्समध्ये हृदय दुर्बल झालेल्या रुग्णांवर अर्जुनाच्या अर्काचा काटेकोर प्रयोग झाला होता, त्यात हृदयाची आकुंचनशक्ती वाढल्याचे आढळले नाही. आवड म्हणून घ्यायचा असेल तर घ्या, त्यासाठी एकही गोळी कमी करू नका. काढ्यात साखर किंवा गूळ किती पडतो, तेही एकदा पाहा.

मॅग्नेशियमचा हिशेब तर कागदावर मांडता येतो. चौतीस प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण २०१६ मध्ये आले; रोज सरासरी ३६८ मिलिग्राम मॅग्नेशियम तीन महिने घेतल्यावर वरचा आकडा उतरला दोन मिलिमीटरने. पंचविसांतले दोन. मूत्रपिंडे अधू असतील तर हे मॅग्नेशियम शरीरात साठते, आणि थायरॉइडची गोळी त्याच वेळी घेतली तर तिचे शोषण नीट होत नाही. जेवणात डाळी, शेंगदाणे, तीळ, पालेभाज्या आणि ज्वारी-बाजरी असेल तर या कॅप्सूलवर पैसे घालवण्याचे कारण मला दिसत नाही. मुलाने प्रेमाने पाठवल्या आहेत, तेव्हा ही बाटली संपवायला हरकत नाही, मात्र त्याआधी रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा आकडा, तपासून घ्यावे. ओमेगा-३ चीही गोष्ट तशीच. दोन ते तीन ग्रामांच्या मात्रेत दोन-अडीच मिलिमीटरचा उतार मिळतो. बाजारातल्या नेहमीच्या कॅप्सूलमध्ये खरे ओमेगा-३ बहुधा ३०० मिलिग्रामच्या आसपास असते, म्हणजे रोज सात-आठ कॅप्सूल घ्याव्या लागतील, आणि इतक्या मोठ्या मात्रेने काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा संभव वाढतो. कोएन्झाइम क्यू-१० आणि ड जीवनसत्त्व रक्तदाबासाठी घेऊ नये, उपयोग नाही.

आपल्या यादीत नसलेल्या, पण घरात सहज होणाऱ्या दोन-तीन गोष्टी मला अधिक मोलाच्या वाटतात. पहिली जवसाची चटणी. कॅनडात पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या ११० रुग्णांवर सहा महिने प्रयोग झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज ३० ग्राम दळलेले जवस खाणाऱ्यांचा वरचा आकडा दुसऱ्या गटापेक्षा सुमारे दहा मिलिमीटरने कमी राहिला. पुढच्या अनेक प्रयोगांची बेरीज केल्यावर हा फायदा दोन-तीन मिलिमीटरवर आला, पहिल्या प्रयोगाचे यश पुढे असे ओसरणे नेहमीचेच आहे. तरीही जवस स्वस्त आहे, त्यात तंतू आहेत आणि आपल्या पिढीच्या जिभेला ते ओळखीचे आहे. भाजून, कुटून, मीठ जवळजवळ न घालता करावे; अख्खे दाणे तसेच बाहेर पडतात. दुसरी बीट. त्यातील नायट्रेटचे तोंडातल्या जंतूंच्या मदतीने नायट्राइट आणि पुढे नायट्रिक ऑक्साइड होते, रक्तवाहिन्या सैलावतात आणि आकडा चार ते आठ मिलिमीटरने उतरू शकतो. जंतुनाशक माउथवॉशने रोज चुळा भरणाऱ्यांना हा फायदा फारसा मिळत नाही, कारण ते जंतूच मरतात. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी बीट बेताने खावे. लघवी गुलाबी झाली तर घाबरू नये. तिसरी लाल अंबाडीची बोंडे: अमेरिकेत २०१० मध्ये झालेल्या प्रयोगात त्यांचा चहा दिवसातून तीन कप सहा आठवडे दिल्यावर वरचा आकडा सात मिलिमीटरने उतरला, नुसते रंगीत पेय घेणाऱ्यांचा एकाने. गणपतीला वाहतो ते जास्वंद म्हणजे ही अंबाडी नव्हे, ते उकळून पिण्यात अर्थ नाही.

इथपर्यंत आपण काय घ्यावे याचाच विचार केला. माझा अनुभव असा की, रक्तदाबाच्या बाबतीत सर्वांत प्रभावी नैसर्गिक उपाय कशाची तरी वजाबाकी करण्याचा असतो आणि नेमका तोच कोणी विचारत नाही.

मिठापासून सुरुवात करतो. जागतिक आरोग्य संघटना रोज ५ ग्रामपेक्षा कमी मीठ खाण्यास सांगते, आपल्याकडे सरासरी त्याच्या दीडपटीहून अधिक खाल्ले जाते. आपल्या घरातला आकडा काढायची एक सोपी युक्ती आहे. मिठाचा एक किलोचा नवा पुडा फोडल्याची तारीख त्यावरच लिहून ठेवा. घरात चार माणसे असतील आणि प्रत्येकाने ५ ग्रामच खायचे असेल, तर तो पुडा पन्नास दिवस पुरला पाहिजे. तीस दिवसांत संपत असेल तर माणशी आठ ग्रामांहून अधिक मीठ नुसते स्वयंपाकात पडते आहे. लोणची घालण्याचे दिवस या हिशेबातून वगळा. आणि यात घराबाहेरून येणारे मीठ अजून धरलेलेच नाही. इंदूरमध्ये ते कमी नसते: सकाळच्या पोह्यांवर मूठभर शेव आणि जिरावन मसाला, दुपारच्या वरणभातावर पुन्हा शेव, संध्याकाळी कचोरी, हिवाळ्यात सराफा बाजारातला गराडू (तळलेला कंद), ताकात काळे मीठ, जेवणाबरोबर पापड. शेवेच्या पाकिटामागे सोडियमचा आकडा छापलेला असतो. त्याला अडीचने गुणले की मीठ निघते. शंभर ग्रामांत ८०० मिलिग्राम सोडियम असेल तर दोन ग्राम मीठ झाले, आणि पोह्यांवर पडणारी शेव कोणी तराजूत घालून खात नाही. शेव पूर्ण सोडा असे मी इंदूरकराला सांगत नाही, कारण तो ‘हो’ म्हणतो आणि सोडत नाही. रविवारी एकदा, मोजून दोन चमचे, आणि इतर दिवशी पोह्यांवर खोबरे, कोथिंबीर, डाळिंबाचे दाणे व लिंबू, एवढे बहुतेकांना जमते. रोजचे मीठ साडेचार ग्रामांनी कमी करून चार आठवडे तसेच ठेवले तर उच्च रक्तदाबाच्या रुग्णाचा वरचा आकडा सरासरी पाच मिलिमीटरने उतरतो, म्हणजे मॅग्नेशियमच्या दुपटीहून जास्त, आणि खर्च शून्य. पहिले दोन आठवडे जेवण अळणी लागते, पुढे जीभ सरावते.

सैंधव म्हणजे वेगळे मीठ, ते चालते, ही समजूत फार पसरली आहे. सैंधवही जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच असते, वर त्यात आयोडीन मिसळलेले नसते. लवणभास्कर चूर्ण, पाचक गोळ्या, पाण्यात टाकल्यावर फसफसणारी पित्तशामके आणि वेदनाशामके, ढोकळ्यातला सोडा, पापडखार, या सर्वांतून सोडियमच पोटात जाते.

पोटॅशियमयुक्त मिठाचा मात्र विचार करण्यासारखा आहे. चीनमध्ये सहाशे खेड्यांतील सुमारे एकवीस हजार लोकांवर पाच वर्षे प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले: तीन भाग साधे मीठ आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड असे मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झाले. परंतु आपण टेल्मिसार्टन घेणार आहात आणि ती गोळी स्वतःच शरीरात पोटॅशियम राखून ठेवते. मूत्रपिंडे उत्तम असतील तर डॉक्टरांच्या संमतीने आणि रक्त तपासत राहून हे मीठ वापरता येते. मूत्रपिंडांचे काम मंदावलेले असेल तर वापरू नये. टेल्मिसार्टन, असे मीठ आणि रोज दोन शहाळी या तिन्हींचा संगम झालेल्या एका मधुमेही गृहस्थांचे पोटॅशियम ६.१ पर्यंत चढलेले मी पाहिले आहे. त्या पातळीला हृदयाची लय बिघडू शकते, आणि त्यांना स्वतःला मात्र थोडा थकवा यापलीकडे काही जाणवत नव्हते.

रक्तदाब चढवणाऱ्या ‘नैसर्गिक’ वस्तूही असतात, त्यांतली ज्येष्ठमध मला सर्वाधिक वेळा भेटते. राजेंद्र नगरातल्या एक बाई दोन गोळ्या नियमाने घेऊनही १६० च्या खाली येत नव्हत्या. मीठ कमी, वजन बेताचे, वेदनाशामक गोळ्यांचा वापर नाही. रात्री पोटऱ्यांत गोळे येत आणि रक्तातले पोटॅशियम २.९ इतके कमी भरले होते. घरातले सर्व डबे आणि पुड्या घेऊन या असे सांगितल्यावर त्यांनी टेबलावर मांडलेल्या कोणत्याच पुडीत काही सापडले नाही. उठताना त्यांनी पर्समधून रुमाल काढला, त्याबरोबर चघळून तंतू निघालेली ज्येष्ठमधाची एक कांडी खाली पडली. त्या भजनी मंडळात गातात. आवाज मोकळा राहावा म्हणून दिवसभर गालात कांडी असे, आणि ती त्यांना औषध वाटतच नव्हती. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातील एका विकराला (एन्झाइमला) अडवते, त्यामुळे शरीर मीठ धरून ठेवते आणि पोटॅशियम बाहेर टाकते. कांडी सुटल्यावर महिनाभरात एक गोळी कमी करता आली. घशाच्या पुष्कळ काढ्यांत आणि काही मुखवासांतही ज्येष्ठमध असते, तेव्हा आपल्या अर्जुनकाढ्याची पुडी तयार मिश्रण असेल तर त्यावरील घटक एकदा वाचून घ्या.

त्याच रांगेत गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या आणि नाक मोकळे करणारी सर्दीची औषधे येतात. सुट्या पुडीतून मिळणाऱ्या, दोन दिवसांत सांधे मोकळे करणाऱ्या ‘जडीबुटी’च्या चूर्णात स्टेरॉइड मिसळलेले निघू शकते, असा चमत्कार दिसला तर आनंदापेक्षा संशय अधिक घ्यावा. अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या सत्तर आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली होती, त्यातील चौदांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक घातक प्रमाणात आढळले. याचा अर्थ आयुर्वेद वाईट असा कोणी काढू नये. आपल्याच लोकमान्य नगरात शासकीय अष्टांग आयुर्वेद महाविद्यालय आहे. ज्याला आयुर्वेदिक उपचार घ्यायचा आहे त्याने तेथील वैद्यांकडे जावे आणि आपल्याला चालू असलेल्या प्रत्येक गोळीचे नाव त्यांना सांगावे.

वजनाचे आणि चालण्याचे थोडक्यात लिहितो, कारण ते आपण जाणताच. उतरलेल्या दर किलोमागे वरचा आकडा साधारण एक मिलिमीटरने उतरतो. आपल्या उंचीला ६८ किलोच्या आसपास येणे योग्य, म्हणजे यातच दहा मिलिमीटर दडलेले आहेत. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालल्याने आणखी पाचएक. मिनिटाला सहा श्वास या संथ गतीने दहा-पंधरा मिनिटे बसावे, त्याचाही थोडा उपयोग होतो, मात्र श्वास रोखून धरणारे कुंभक आकडे ताब्यात येईपर्यंत टाळावे. फळे, भाज्या, डाळी आणि साय काढलेल्या दुधाचे पदार्थ भरपूर असलेला आहार अमेरिकेत १९९७ मध्ये आठ आठवडे देऊन पाहिला, तेव्हा उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत वरचा आकडा ११ मिलिमीटरने उतरला होता. एका औषधाच्या तोडीचा हा परिणाम आहे.

या सर्वांची बेरीज पंचवीस होत असेल तर मग गोळी कशाला, असे आपण विचाराल. एक तर हे आकडे सरळ बेरजेने मिळत नाहीत, उपाय एकमेकांवर चढत जातात आणि प्रत्येकाचा वाटा आक्रसतो. दुसरे म्हणजे वजन आणि आहार यांना सहा महिने ते वर्ष लागते आणि तोवर १५६ चा दाब मेंदूच्या, डोळ्यांच्या आणि मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्यांवर पडतच राहतो. म्हणून क्रम असा ठेवावा की, गोळीच्या आधाराने दाब आजच खाली आणावा, तिच्या सावलीत सवयी बदलाव्यात आणि सवयींचा परिणाम आकड्यांत दिसू लागला की गोळी डॉक्टरांनी कमी करावी. ‘जन्माची गोळी’ ही भीती सर्वांच्या बाबतीत खरी ठरत नाही. ज्यांचे दहा किलो उतरले आणि मीठ निम्म्यावर आले, अशांच्या गोळ्या मी स्वतः कमी केल्या आहेत, काहींच्या पूर्ण बंदही. गोळी सोडून उपाय सुरू करणाऱ्यांना हे क्वचितच साधते, कारण मोजायला स्थिर पाया राहत नाही.

मोजणी मात्र नीट हवी. दंडावर बांधायचे स्वयंचलित यंत्र घ्यावे, मनगटाचे नको, आणि पट्टा दंडाच्या मापाचा असावा. चहा किंवा तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्यावा, लघवी करून यावे, पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे, दंड हृदयाच्या पातळीला असावा, बाही सारून पट्टा कातडीवर बांधावा. सकाळी गोळीपूर्वी दोनदा आणि रात्री दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून, असे सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे वगळून उरलेल्यांची सरासरी काढावी. घरच्या मोजणीत ती १३५/८५ किंवा त्याहून अधिक असेल तर रक्तदाब जास्त समजावा. आवडलेला आकडा येईपर्यंत पुन:पुन्हा मोजून तेवढाच लिहिण्याची सवय शिक्षकांना तरी नसावी. मोजताना कधी १८०/१२० च्या वर आकडा आला आणि त्याबरोबर छातीत दुखणे, दम, बोबडी वळणे, एका बाजूची शक्ती जाणे किंवा दिसेनासे होणे यांपैकी काहीही असले, तर लसूण किंवा जास्तीची गोळी न घेता थेट रुग्णालय गाठावे.

गोळी पुन्हा सुरू करताना क्रिएटिनिन, पोटॅशियम, लघवीतील अल्ब्युमिन, साखर आणि एक ईसीजी करून घ्या. दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा पाहावे लागेल. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या लागल्या किंवा उन्हाने पाणी फार कमी झाले तर त्या एक-दोन दिवसांपुरती टेल्मिसार्टन थांबवायची का, हे डॉक्टरांना आजच विचारून ठेवा. आपण लसूण, जवस, बीट आणि मिठाचा पुडा यांकडे लक्ष देत राहा, आणि दर महिन्याला एक आठवडा वरीलप्रमाणे मोजणी करा. सरासरी सलग दोन-तीन महिने १२० च्या खाली राहिली किंवा उठताना अंधारी येऊ लागली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. ४० ची गोळी २० वर आणता येते, त्यानंतर चार आठवडे पुन्हा मोजायचे, आणि हा निर्णय मे महिन्याच्या आकड्यांवर घेतला असेल तर डिसेंबरात तो एकदा तपासून पाहायचा.